जुने शोधलेख आणि त्यांचे मुक्त वाचन



1865 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात डॉ. भाऊ दाजी लाड यांचा एक इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य या ज्योतिर्विदांचा काळ आणि त्यांच्या ग्रंथांची विश्वसनीयता हा त्या लेखाचा विषय होता. आर्यभटाच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथांची छाननी करून भाऊ दाजींनी मूळ ‘आर्यभटीया’चा माग काढला, आर्यभटाचा जन्म इ. स. 476 मधला असल्याचे दाखवले आणि त्याचे नाव ‘आर्यभट्ट’ नसून ‘आर्यभट’ आहे हेही नोंदवले. लहानपणी गोव्यातून मुंबईत आलेल्या आणि वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून प्राच्यविद्येचा अभ्यास करणाऱ्या या विद्वानाचे ते काम आजही उल्लेखिले जाते. शाळेच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत मात्र ‘आर्यभट्ट’ हे रूप अजून दिसते.

भाऊ दाजी 1874 साली निवर्तले. त्यांच्या लेखनावर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही. तरीही 21व्या शतकाच्या प्रारंभी हा लेख मूळ स्वरूपात वाचू इच्छिणाऱ्याला एक तर मुंबई-पुण्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाचे सभासदत्व लागे, नाही तर ज्या विद्यापीठाने परदेशी संगणकीय संग्रहाची वर्गणी भरली आहे तेथील प्रवेशपत्र लागे. नोकरी सांभाळून बाहेरून बी. ए. करणाऱ्या, हिंगोलीत किंवा सावंतवाडीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीच सहजी उपलब्ध नव्हते. जो लेख कायद्याने सर्वांचा झाला आहे, तो सर्वांना वाचता का येत नाही, हा प्रश्न या लेखाचा विषय आहे. तुमच्या अभ्यासात ‘मूळ साधने पाहावीत’ असे वारंवार सांगितले जाते. ती साधने कोठे अडतात आणि कोठे मोकळी होतात हे ठाऊक नसेल, तर त्या सांगण्याला फारसा अर्थ राहत नाही.

हक्क लेखाचा आणि ताबा प्रतीचा

आपण ज्याला कॉपीराइट किंवा स्वामित्वहक्क म्हणतो, तो कायमचा नसतो. 1710 साली इंग्लंडमध्ये या विषयावरचा पहिला महत्त्वाचा कायदा अमलात आला, तेव्हा नव्या पुस्तकासाठी हा हक्क 14 वर्षांचा होता आणि लेखक हयात असल्यास आणखी 14 वर्षांचा. लेखकाला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे आणि ठरावीक काळानंतर त्याचे लेखन समाजाच्या सामाईक ठेव्यात जमा व्हावे, अशी ही देवघेव आहे. पुढे मुदत वाढत गेली. देवघेवीचे तत्त्व तेच राहिले.

भारतात 1957 चा स्वामित्वहक्क कायदा लागू आहे. त्यात मूळ मुदत लेखकाच्या निधनानंतर 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली वारले. त्यांच्या साहित्यावरील हक्क 1991 अखेर संपणार होता. तो संपू नये म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1992 पासून मुदत 60 वर्षांची झाली. एका कवीच्या साहित्यासाठी साऱ्या देशाची मुदत दहा वर्षांनी वाढली, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही 60 वर्षे मोजायची ती लेखकाच्या निधनानंतर येणाऱ्या 1 जानेवारीपासून.

एक-दोन उदाहरणे घेऊ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी निवर्तले. म्हणजे मोजणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. त्या वेळच्या 50 वर्षांच्या नियमाने त्यांचे लेखन 1976 अखेर मुक्त झाले. त्र्यं. शं. शेजवलकर 1963 साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2024 पासून मुक्त आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे निधन 1966 चे. तेथे मुदत 31 डिसेंबर 2026 रोजी पूर्ण होते. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार मात्र दीर्घायुषी होते. ते 1979 साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्क 2039 अखेरपर्यंत चालतो. आता असे पाहा, की राजवाडे आणि पोतदार दोघेही भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्तुळातले. जुन्या काळच्या एकाच वार्षिक अंकात अशा दोन पिढ्यांच्या दोन लेखकांचे लेख शेजारीशेजारी असतील, तर अंक एक, छपाईचे साल एक, पण एक लेख मुक्त आणि दुसरा बंद, अशी स्थिती निर्माण होते. जुने म्हणजे मुक्त, हे समीकरण म्हणूनच बरोबर नाही. छपाईचे साल नव्हे, तर लेखकाच्या निधनाचे साल पाहावे लागते. याला अपवाद निनावी आणि टोपणनावाच्या लेखनाचा. तेथे लेखकाची ओळख पुढे आलेली नसल्यास प्रसिद्धीपासून 60 वर्षे मोजतात. जुन्या मराठी मासिकांत नावाविना किंवा नुसत्या आद्याक्षरांनी लिहिण्याची रीत रूढ होती, त्यामुळे हा अपवाद आपल्याकडे बराच उपयोगी पडतो.

इथवर झाली हक्काची बाजू. पण हक्क संपला म्हणून लेख तुमच्या हाती येत नाही. लेख छापलेला अंक कोणाच्या तरी कपाटात असतो. त्या कपाटाच्या मालकाने तो दाखवलाच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. कोणी खर्च करून त्या अंकाची पाने स्कॅन केली, तर ती संगणकीय प्रत त्याच्या ताब्यात राहते आणि ती दाखवण्यासाठी तो पैसे मागू शकतो. हे पैसे लेखकाच्या हक्कापोटी नसतात, तर दार उघडण्यासाठी असतात. जुन्या शोधलेखांच्या संदर्भातील जवळजवळ सगळा वाद या एका फरकाभोवती फिरतो: लेखावरील हक्क निराळा आणि प्रतीवरील ताबा निराळा.

कपाट कसे तयार झाले

विद्वत्ताविषयक नियतकालिकांचा इतिहास 1665 पासून मोजतात. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसला ‘जुर्नाल दे सावां’ आणि मार्चमध्ये लंडनला रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. न्यूटनचा प्रकाश आणि रंग यांविषयीचा 1672 मधला लेख त्याच नियतकालिकातला. पुढच्या तीन शतकांत नियतकालिकांची संख्या इतकी वाढली, की ग्रंथालयांना त्यांचे बांधीव खंड ठेवायला जागा पुरेना.

जेस्टोर या अमेरिकी संग्रहाचा जन्म या जागेच्या अडचणीतून झाला. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन त्या वेळी अँड्र्यू मेलन प्रतिष्ठानचे प्रमुख होते. जुने अंक एकदाच नीट स्कॅन करून सर्व ग्रंथालयांना संगणकावरून पुरवले, तर प्रत्येकाला निराळे कपाट ठेवावे लागणार नाही, अशी त्यांची कल्पना होती. अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांतील दहा नियतकालिके घेऊन काम सुरू झाले आणि 1995 साली जेस्टोर ही ना-नफा तत्त्वावरील स्वतंत्र संस्था झाली. ग्रंथालये वर्गणी भरणार, त्यातून स्कॅनिंगचा व देखभालीचा खर्च निघणार आणि काही वाटा प्रकाशकांना जाणार, अशी व्यवस्था होती. ही व्यवस्था ग्रंथालयांच्या सोयीची होती आणि तिने संशोधकांचे श्रम खरोखरच वाचवले, हे मान्य केले पाहिजे. परंतु जो कोणत्याच ग्रंथालयाचा नाही, असा वाचक या आराखड्यात कोठेच नव्हता. पूर्वी तो निदान वाचनालयाच्या दारापर्यंत जाऊन विनंती करू शकत असे. आता विनंती करायला समोर माणूसही राहिला नाही.

2011 साली काय घडले

हा प्रश्न 2011 साली ऐरणीवर आला. ॲरन स्वार्ट्झ या तरुण अमेरिकी संगणकतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जाळ्यातून जेस्टोरवरील लाखो लेख उतरवून घेतले होते. जानेवारी 2011 मध्ये त्यांना अटक झाली. जेस्टोरने त्यांच्याशी आपला वाद मिटवला आणि आपल्याला पुढे खटला चालवण्यात रस नसल्याचे सांगितले. पण सरकारी वकिलांनी जुलैमध्ये संगीन आरोप ठेवले. खटला उभा राहण्यापूर्वीच, 11 जानेवारी 2013 रोजी, वयाच्या 26व्या वर्षी स्वार्ट्झ यांनी आत्महत्या केली. त्यांनी उतरवलेल्या लेखांत जुनेही होते आणि स्वामित्वहक्क शाबूत असलेले नवेही. म्हणून त्यांच्या कृतीविषयी आजही दुमत आहे. शिक्षेचा जो बडगा त्यांच्यापुढे उगारला गेला तो अपराधाच्या मानाने फार मोठा होता, याविषयी मात्र प्रस्तुत लेखकाला शंका वाटत नाही.

आपल्या विषयाशी अधिक जवळची घटना त्याच जुलै महिन्यातली आहे. ग्रेगरी मॅक्सवेल नावाच्या दुसऱ्या एका संगणकतज्ज्ञाने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मधील 1923 पूर्वीचे 18,592 लेख जाहीरपणे इंटरनेटवर ठेवले. सोबतच्या निवेदनात त्यांनी म्हटले, की या लेखांचे लेखक केव्हाच दिवंगत झाले, हक्क संपले, आणि तरीही एकेका लेखासाठी 8 ते 19 डॉलर मागितले जातात. येथे स्वामित्वहक्काचा भंग झाला असे म्हणणे अवघड होते, कारण भंग व्हावा असा हक्कच शिल्लक नव्हता. लेखाचा हक्क आणि प्रतीचा ताबा यांतील फरक एवढ्या उघडपणे जगासमोर प्रथमच मांडला गेला.

सप्टेंबर 2011 मध्ये जेस्टोरने आपल्या संग्रहातील आरंभीचे लेख कोणालाही, कोठूनही, विनामूल्य वाचण्यास खुले केले. दोनशेहून अधिक नियतकालिकांतील सुमारे पाच लाख लेख असे मोकळे झाले. हा त्या वेळच्या संपूर्ण संग्रहाचा सुमारे 6 टक्के भाग होता. हा निर्णय आधीपासून विचाराधीन होता, तो त्या दोन घटनांची प्रतिक्रिया म्हणून घेतलेला नाही, असे संस्थेने सांगितले. मात्र त्या घटनांचा नियोजनावर परिणाम झाला, हेही तिने लपवले नाही. पाठोपाठ 26 ऑक्टोबर 2011 रोजी रॉयल सोसायटीने 70 वर्षांहून जुने असे आपले सुमारे 60,000 लेख कायमचे खुले केले. न्यूटनचा तो लेख आणि बेंजामिन फ्रँकलिनचा पतंगाच्या प्रयोगाविषयीचा वृत्तान्त आता तुम्ही घरबसल्या, त्या काळच्या मुद्रणासह पाहू शकता.

जेस्टोरने खुले करताना आखलेली रेषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत छापलेले 1923 पूर्वीचे आणि इतर देशांत छापलेले 1870 पूर्वीचे लेख, अशी ती रेषा होती. दोन देशांसाठी दोन निराळी साले का? अमेरिकेत जुन्या प्रकाशनांची मुदत छपाईच्या सालावरून मोजली जाते, आणि 1923 पूर्वीचे सर्व काही तेथे आधीच मुक्त होते. 1998 च्या मुदतवाढीमुळे ही रेषा वीस वर्षे जागची हलली नाही; 1 जानेवारी 2019 पासून ती पुन्हा दरवर्षी एकेक सालाने पुढे सरकू लागली. इंग्लंड व युरोपात लेखकाच्या निधनानंतर 70 वर्षे मोजतात. तेथे प्रत्येक लेखकाचे निधनवर्ष शोधत बसणे अशक्यप्राय होते. हिशोब करून पाहा: 1869 साली पंचविशीतल्या कोणी लेख लिहिला आणि तो पंच्याण्णव वर्षे जगला, तर तो 1939 साली वारणार आणि हक्क 2009 अखेर संपणार. 1870 ही रेषा केवढ्या सावधपणे ओढली आहे ते यावरून कळेल.

भाऊ दाजींचा 1865 चा लेख या रेषेच्या आत पडतो. पण न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे उदाहरण घ्या. ते 1893 साली अल्पवयातच गेले. कोणत्याही देशाच्या हिशोबाने त्यांचे सारे लेखन केव्हाच मुक्त झालेले आहे. तरी त्यांचे विद्वत्लेखन 1870 नंतरचे असल्याने 2011 च्या या सवलतीत आपोआप बसत नव्हते. सालावर आखलेली रेषा सोपी असते, पण ती लेखकनिहाय न्याय करत नाही. आपल्या दृष्टीने तर 1870 नंतरचाच काळ महत्त्वाचा. जेम्स बर्जेस यांनी मुंबईत ‘इंडियन अँटिक्वरी’ सुरू केले ते 1872 साली, आणि रा. गो. भांडारकरांचे प्रमुख लेखनही त्यानंतरचे आहे.

सुदैवाने दार एकच नाही. इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य संग्रहात ‘इंडियन अँटिक्वरी’चे जुने खंड आहेत, जेस्टोरने खुले केलेले आरंभीचे लेखही तेथे ठेवलेले आहेत. शिवाय जेस्टोरवर व्यक्तिगत नावनोंदणी करून हक्क शाबूत असलेले लेखही ठरावीक संख्येने पडद्यावर वाचता येतात. ही मर्यादा 2020 मध्ये, महासाथीच्या काळात, महिन्याला 100 लेखांपर्यंत वाढवण्यात आली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे वार्षिक नियतकालिक या संग्रहात आहे, आणि कोसंबींसारख्यांचे लेख त्यात सापडतात. नावनोंदणीसाठी विद्यापीठाचे पत्र लागत नाही. ही सोय आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र खुले केलेले लेख यंत्राकरवी घाऊक उतरवून घेऊ नयेत आणि वापरताना मूळ संग्रहाचा उल्लेख करावा, अशी विनंती संस्था करते. ती वाजवी आहे.

मराठी नियतकालिकांची गोष्ट

मराठीत अडचण वेगळी आहे. ‘दिग्दर्शन’ 1840 चे, ‘निबंधमाला’ 1874 ते 1881 या काळातली, ‘काव्येतिहाससंग्रह’ 1878 पासूनचा, ‘विविधज्ञानविस्तार’ 1867 पासूनचा. यांतील बहुतेक मजकुरावरील हक्क केव्हाच संपले आहेत आणि त्यांच्यासाठी डॉलरांत पैसे मागणारे कोणी नाही. येथे दार बंद आहे ते अंकांच्या अवस्थेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद वापरात आला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पान उलटताना तुटतो. संपूर्ण फाइल एका ठिकाणी असणे दुर्मीळ. पहिली काही वर्षे एका शहरात, मधली दुसऱ्या शहरात, आणि नेमका हवा तो अंक कोठेच नाही, असा अनुभव अभ्यासकांना नित्याचा आहे. ज्या लेखावर कोणाचाच हक्क उरत नाही, तो जपण्याची जबाबदारीही पुष्कळदा कोणाचीच राहत नाही.

त्यातूनही काम झाले आहे आणि होत आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथांचे संगणकीकरण करून ते विनामूल्य उपलब्ध केले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपला जुना संग्रह ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने संगणकावर आणला. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या शासकीय प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो मराठी पुस्तके व अंक आज इंटरनेट अर्काइव्हवर पाहता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातही शोध घ्यावा. पीएच. डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची ही जुन्या लेखांचा पत्ता मिळवण्याची, माझ्या मते, सर्वांत सोपी वाट आहे.

मात्र मराठी शब्द टाकून शोध घेतलात आणि काही सापडले नाही, तर लेख नाही असे समजू नका. त्याची कारणे आपल्या भाषेच्या लेखनपद्धतीत आहेत. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. त्यापूर्वीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आहेत. आजचे ‘नाही’ टाकून यंत्राला जुने ‘नाहीं’ सापडेलच असे नाही. त्यातून स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे यंत्राने ओळखण्याची जी ओसीआर नावाची क्रिया आहे, ती जुन्या खिळ्यांच्या जोडाक्षरांपाशी वारंवार अडखळते. सूचीची तऱ्हा याहून विचित्र. मराठी शीर्षके रोमन लिपीत नोंदवलेली असतात आणि एकट्या ‘ज्ञ’ या अक्षराचे रोमन लेखन चार तऱ्हांनी केलेले आढळते. ‘विविधज्ञानविस्तार’ कोठे एका शब्दात, कोठे तीन शब्दांत. म्हणून एकच नाव पाच-सहा प्रकारे लिहून पाहण्याची सवय लावून घ्या. अंकावर शकाचे वर्ष असेल तर त्यात 78 मिळवा, आणि वर्षाचे शेवटचे महिने असतील तर 79.

यंत्रापेक्षा विश्वासू अशी एक जुनी वाट अजून आहे. शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1800 ते 1950 या काळातील मराठी नियतकालिकांतील लेखांची सूची सिद्ध केली. कोणत्या विषयावर कोणी, कोठे, केव्हा लिहिले हे त्यात एका जागी मिळते. आधी सूचीतून नाव, वर्ष आणि अंक निश्चित करावा, मग संगणकावर तो अंक शोधावा. हा क्रम उलटा केला की वेळ वाया जातो. आणि लेख मिळाल्यावर टिपणात केवळ दुवा लिहून ठेवू नका. नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक आणि पृष्ठ लिहा, कारण दुवे बदलतात.

हक्क शाबूत असलेल्या लेखाचे काय, असे तुम्ही विचाराल. आपल्या कायद्याच्या 52व्या कलमात स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, तसेच टीका-समीक्षेसाठी केलेल्या वाजवी वापराला मुभा आहे. ग्रंथालयातून एखाद्या लेखाची छायाप्रत अभ्यासासाठी घेणे या मुभेत बसू शकते. तोच लेख सर्वांसाठी इंटरनेटवर चढवणे ही वेगळी गोष्ट आहे.

फुकट मिळते ते जुने

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा बोलला जात नाही. मुक्त वाचनाची रेषा कालक्रमाने पडते: जुने मोकळे, नवे बंद. ज्याच्याजवळ ग्रंथालय नाही त्याच्या हाती त्यामुळे सहजगत्या जे येते ते ज्ञानाचे जुने रूप असते. त्याचे खंडन, दुरुस्ती, नवा पुरावा हे सारे पुष्कळदा दाराच्या पलीकडे राहते. मोठ्या विद्यापीठातला विद्यार्थी जुना लेख आणि त्यावरची पन्नास वर्षांची चर्चा दोन्ही वाचतो. बाहेरून परीक्षा देणारा फक्त जुना लेख वाचतो आणि तेच अंतिम समजतो. दोघांची बुद्धी सारखी असली तरी उत्तरपत्रिका सारख्या उतरत नाहीत.

तुमच्या अभ्यासक्रमातलेच उदाहरण देतो. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेला लेख हा मराठीतील आद्य कोरीव लेख, असे दीर्घकाळ मानले जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनात तुम्हाला हेच विधान मिळेल, आणि ते लेखन आज बव्हंशी मुक्त आहे. पुढे रायगड जिल्ह्यातील अक्षी आणि सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील लेख चर्चेत आले, वाचने तपासली गेली, कालनिर्णयाविषयी मतभेद झाले आणि त्या जुन्या विधानाचा फेरविचार करावा लागला. जो केवळ मोकळे साहित्य वाचेल, तो हा प्रश्न सुटलेला समजून पुढे जाईल.

म्हणून मुक्त संग्रहातला जुना लेख वाचताना शीर्षकाशेजारी त्याचे साल मोठ्या अंकांत लिहून ठेवावे आणि त्यानंतर या विषयावर कोणी लिहिले आहे, याचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा. नवा लेख पैसे मागत असेल तरी त्याचा सारांश आणि संदर्भसूची बहुधा विनामूल्य दिसते. चर्चा कोणत्या दिशेने गेली हे तेवढ्यावरून उमजते. हयात लेखकाला पत्र लिहून लेखाची प्रत मागणे यातही संकोच नको. अभ्यासक अशा पत्रांना आनंदाने उत्तर देतात. कोरीव लेखांपुरते सांगायचे, तर शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा 1963 चा ग्रंथ पाहिल्याशिवाय या विषयावर लिहू नये. तुळपुळे 1994 साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या ग्रंथावरील हक्क 2054 अखेरपर्यंत चालणार आहे. त्यासाठी अभ्यासकेंद्राच्या किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या कपाटापाशीच जावे लागेल, आणि तेथे तो नसेल तर मागणी नोंदवून यावे.